ओळखीचा ग्राहक आणि आमचे चेकआउट पान : आमची वाटचाल

देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असलेल्या आमच्या बागेतला हापूस वडिलांच्या काळी वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे जात असे आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात पडेपर्यंत काय भाव मिळाला हे कळत नसे. मार्च २०२० मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर टाळेबंदी लागली, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या ओळखीच्या कुटुंबांना आम्ही थेट पेट्या पोहोचवू लागलो. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येत आणि आई त्या एका जाड वहीत उतरवून घेई. पुढच्या हंगामात वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आमचे छोटे दुकान उभे राहिले. आता आंब्याच्या जोडीला आमसुले, कोकम आगळ, काजूगर, आंबापोळी आणि कुळथाचे पीठ असल्यामुळे ते वर्षभर चालते.

आईच्या त्या वहीत पत्त्यांखेरीज बरेच काही होते. कोणाला पेटी कच्चीच हवी असते, कोण रविवारी घरी नसते, कोणाचा मुलगा पैसे भरतो पण आंबा गावी वडिलांकडे जायचा असतो, हे सारे तिने समासात लिहून ठेवलेले होते. दुकान ऑनलाइन गेले तरी ही ओळख पुसली जाऊ नये, आणि दरवर्षी येणाऱ्या माणसाला चेकआउटच्या, म्हणजे पत्ता देऊन पैसे भरण्याच्या, पानावर पुन्हा परक्यासारखे नाव-गाव सांगत बसावे लागू नये, असे आम्हाला मनापासून वाटत होते. आंब्याच्या धंद्यात हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. आम्ही फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाले की उतरवतो. ते पुढे पेंढ्यात पिकत जाते, त्यामुळे चुकीच्या पत्त्यापायी पेटी उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात दोन दिवस अडकली, तर झाडावर वर्षभर घेतलेली मेहनत वाया जाते.

वूकॉमर्समध्ये खाते असलेल्या ग्राहकाचा एक बिलाचा आणि एक डिलिव्हरीचा पत्ता साठवलेला असतो आणि लॉगइन केल्यावर तो चेकआउटच्या रकान्यांत आपोआप येतो. शहरातल्या दुकानाला एवढे पुरत असेल. आमच्या ग्राहकांत मात्र चाकरमानी पुष्कळ आहेत, आणि चाकरमान्याचे घर एक नसते: एप्रिलमध्ये पेटी डोंबिवलीला हवी असते, मे महिन्यात मुले सुट्टीला आली की गावच्या घरी, आणि गणपतीत काजूगर व आगळ पुन्हा गावीच. म्हणून आम्ही खात्यात अनेक पत्ते ठेवण्याची सोय करून घेतली आणि प्रत्येक पत्त्याला ग्राहकानेच नाव द्यावे असे ठरवले. चेकआउटला आल्यावर ‘मुंबईचे घर’ आणि ‘गावचे घर’ असे दोन्ही पत्ते समोर दिसतात, पण त्यांतला एकही आधीपासून निवडलेला नसतो. तेवढी एक टिचकी ग्राहकाने स्वतः मारावी, कारण आपोआप भरलेला पत्ता डोळ्यांखालून तसाच निसटतो, हा आमचा अनुभव आहे.

गावच्या पत्त्याचा रकानाही आम्हाला वेगळा करावा लागला. रस्ता आणि फ्लॅट क्रमांक विचारणाऱ्या साच्यात वाडी, मुक्काम, पोस्ट आणि तालुका बसत नाही. एका पिनकोडखाली अनेक गावे येतात आणि एका गावात वाड्या कितीतरी. देऊळ, शाळा किंवा तिठा यांपैकी जवळची एखादी खूण विचारली की कुरिअरचा मुलगा बरोबर दारात जातो. त्याशिवाय पेटी स्वीकारणाऱ्याचा फोन क्रमांक आम्ही स्वतंत्र घेतो. आमच्या जुन्या पद्धतीच्या चेकआउटमध्ये फोनचा रकाना मुळात फक्त बिलाच्या पत्त्यापाशी होता, आणि पुण्यात कचेरीत बसलेल्या मुलाचा फोन वाजून गावच्या आजोबांपर्यंत पेटी पोहोचत नाही.

वूकॉमर्सने २०२३ च्या अखेरीस नव्या दुकानांसाठी ब्लॉकचे, म्हणजे तयार तुकडे जोडून मांडायचे, चेकआउट रूढ केले. जुन्या चेकआउटसाठी लिहिलेले फेरफार त्यात जसेच्या तसे चालत नाहीत, त्यामुळे तूर्त आम्ही जुनेच पान ठेवले आहे. ज्यांना नव्याने दुकान सुरू करायचे आहे त्यांनी मात्र थेट ब्लॉकच्या पानावर काम करावे, असे मी सुचवीन.

आमच्या प्रोग्रामरने एक सूचना केली होती: ग्राहकाने मोबाइल क्रमांक टाकताच त्याचा पत्ता पानावर उमटावा, पासवर्डची कटकट नको. वयस्क ग्राहकांसाठी ही सोय मोलाची वाटत होती, तरी मी ठाम नकार दिला. क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही त्यातून एखाद्याचे राहते घर दिसले असते. आता क्रमांकावर ओटीपी जातो आणि तो जुळल्यावरच पत्ते उघडतात. त्या एका संदेशासाठी डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर, संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागली. छोट्या व्यवसायाला ती किचकट वाटते, पण ती करावीच.

याच काळजीतून कॅशचा, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रतींचा, नियम आला. साइट वेगवान व्हावी म्हणून पाने साठवून ठेवली जातात. परंतु कार्ट, चेकआउट आणि ‘माझे खाते’ ही तीन पाने त्यातून कटाक्षाने वगळावी लागतात, अन्यथा एकाचे नाव आणि पत्ता दुसऱ्याच्या पडद्यावर येण्याचा धोका असतो. होस्टिंग बदलले किंवा नवे प्लगइन (साइटला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) घातले की आम्ही दोन फोनवरून दोन खात्यांनी चेकआउट उघडून हे पडताळून पाहतो.

कार्डाचा क्रमांक आमच्याकडे नसतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवता येत नाही, आणि आमचे बहुतेक ग्राहक यूपीआयनेच पैसे देतात.

पानावरचे नाव हा वरवर छोटा विषय आहे, पण त्यावर आमच्या घरात बराच खल झाला. तयार साच्यात ग्राहकाचे नुसते पहिले नाव घेऊन ‘हाय’ म्हटलेले होते. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना आम्ही फोनवर ‘काका’ म्हणतो, त्यांना पडद्यावर एकेरी नावाने हाक मारणे आम्हाला रुचेना. आता तिथे ‘नमस्कार’ आणि आडनावासह पूर्ण नाव येते. त्याखाली ‘गेल्या वर्षी आपण निमपिकी पेटी घेतली होती, यंदाही तशीच पाठवू का?’ असा प्रश्न असतो. पहिल्यांदा तो पाहून दादरच्या एका आजींनी फोन केला आणि ‘हे तुमच्या आईने लिहिलंय ना?’ असे विचारले. प्रश्न खरोखरच आईच्या वहीतला होता.

वहीतले सगळेच मात्र आम्ही खात्यात उतरवले नाही. कोणाला मधुमेह आहे, कोणाच्या घरी यंदा दुःखद घटना घडली, या नोंदी आईच्या आपुलकीच्या होत्या. सर्व्हरवर त्यांना जागा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आधारही हाच आहे की माहिती ज्या कामासाठी संमतीने घेतली त्यापुरतीच वापरावी आणि मागणी झाल्यास ती पुसावी. म्हणून खात्यात ‘माझी आवड पुसा’ असे बटण दिले आहे, आणि खाते न उघडता पाहुणा म्हणून खरेदी करण्याची वाट आम्ही कधीच बंद केली नाही. यंदा गणपतीपूर्वी त्या पाहुण्यांच्या पानावरही वाडी आणि जवळची खूण हे रकाने येतील. त्याचे काम सध्या चालू आहे.