मिर्झाराजे जयसिंग, पुरंदरनंतरचे

परवा परत पुरंदरला जाऊन आलो. मुरारबाजींच्या पुतळ्यासमोर नेहमीसारखं डोकं टेकवलं आणि मग बराच वेळ समोरच्या वज्रगडाकडे बघत बसलो. औरंगजेबाचे सेनापती म्हणून आलेल्या मिर्झाराजांनी आधी तो घेतला, एप्रिल १६६५ मध्ये, कारण तिथून पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात येते. त्या चढावर तोफा चढवायच्या म्हणजे काय, एकेक तोफ वर न्यायला कित्येक दिवस लागले होते.

आपल्याकडे हा माणूस पुरंदरच्या तहापुरता येतो आणि जातो. २३ किल्ले गेले, बस. पण मला आता त्यांच्याबद्दल वाचल्यावर जीव तुटतो. आमेरची, म्हणजे आताच्या जयपूरजवळच्या राजपूत राज्याची, गादी मिळाली १६२१ साली, वय जेमतेम दहा. तिथून जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, तीन बादशाहांची चाकरी. बल्ख काय, कंदाहार काय, जिथे पाठवलं तिथे गेले. शाहजहानने 'मिर्झाराजा' किताब दिला. १६५८ च्या वारसायुद्धात औरंगजेबाच्या थोरल्या भावाच्या, दाराच्या मुलाबरोबर, सुलेमान शुकोहबरोबर होते, वारं फिरलं तसे त्याला सोडून औरंगजेबाकडे आले. हे मला आवडत नाही, पण त्यामागे आमेर वाचवायचं गणित होतं हे दिसतं.

आणि माणूस कसला हुशार! ११ जून १६६५ ला महाराज भेटायला छावणीत आले तेव्हा यांनी मुद्दाम त्याच वेळी गडावर हल्ला चढवायला लावला, बरोबरचा मुघल सरदार दिलेरखान आणि स्वतःचा मुलगा कीरतसिंह वर लढतायत आणि तंबूतून ते सगळं दिसतंय. बोलणी सुरू व्हायच्या आधीच अर्धी जिंकलेली. तरी महाराजांना मान दिला, आणि आग्र्याला पाठवताना सुखरूप राहाल असा शब्दही दिला.

तो शब्दच त्यांना महागात पडला असं मला वाटतं. आग्र्यात रामसिंहांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, महाराजांसाठी जामीन लिहून दिला. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले आणि सगळा संशय रामसिंहांवर, दरबारात येणं बंद, मनसब, म्हणजे दरबारातला हुद्दा, गेली. इकडे बाप विजापूरच्या मोहिमेत आधीच तोंडघशी पडलेला, विजापूरकरांनी शहराभोवतालचं पाणीच नासवून टाकलं होतं, वेढ्याच्या मोठ्या तोफाही बरोबर नव्हत्या, १६६६ च्या जानेवारीतच माघारी फिरावं लागलं होतं.

यानंतर त्यांनी वजीर जाफरखानाला एक पत्र लिहिलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. बादशाहाची मर्जी असेल तर माझ्या मुलाशी शिवाजीच्या मुलीचं लग्न ठरवतो, त्या निमित्ताने बोलावतो आणि काटा काढतो, असा बेत. वर्षभरापूर्वी ज्याच्या सुखरूपपणाचा शब्द दिला त्याच्याबद्दल हे! मला त्यात कपटापेक्षा घाबरलेला बाप जास्त दिसतो, पन्नाशी उलटलेला, आयुष्यभर इमानाने राबून आता मुलाची कातडी वाचवायला काहीही कबूल करायला तयार झालेला. महाराजांचा मी भक्त आहे तरी हे लिहिताना हात जड होतोय.

त्याचा उपयोग काही झाला नाही. दख्खनची सुभेदारी काढून शहजादा मुअज्जमला दिली. परत उत्तरेकडे निघाले आणि १६६७ च्या पावसाळ्यात वाटेतच, बुऱ्हाणपूरला वारले. आमेर काही परत दिसलं नाही.