शके 1851 मधले एक लग्न

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार असल्यामुळे आजी-आजोबांच्या लग्नाची तारीख शोधण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. आजी राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी माप ओलांडून आली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि ‘शारदा कायदा लागायच्या आत उरकलंनी हो माझं,’ असे ती सांगत असे. शारदा कायदा म्हणजे बालविवाहाला आळा घालणारा कायदा; एवढाच धागा हाती होता.

विवाह नोंदवही शोधायला मी आधी तालुक्याला गेलो, ती फेरी फुकट गेली. मुंबई इलाख्यात हिंदू लग्नांची सरकारदरबारी नोंद करण्याची सक्तीच त्या काळी नव्हती; ती 1953 च्या मुंबई विवाह नोंदणी अधिनियमाने आली. गाव नमुना 14 मध्ये जन्ममृत्यू सापडतात, पण तिथेही मुलीच्या नोंदीत बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘स्त्री’.

अखेर वडिलांच्या आजोळी, माळ्यावरच्या ट्रंकेत, आहेराची वही निघाली. ती मोडी लिपीत होती. आधी ओळ आखून तिला अक्षरे टांगायची आणि दोन शब्दांत जागा सोडायची नाही, अशा त्या लिखाणाचे एक पान लावायला गावातल्या निवृत्त गुरुजींना अख्खी दुपार लागली. माथ्यावर ‘माघ वद्य पंचमी शके 1851’, खाली खण, नारळ, सव्वा रुपया, दोन पायली तांदूळ.

शकात 78 मिळवून मी फेब्रुवारी 1929 असे कळवूनही टाकले. मग आजीचे वाक्य खुपू लागले. हरबिलास सारडांचे (आमच्याकडे ते ‘शारदा’च राहिले) विधेयक सप्टेंबर 1929 मध्ये संमत झाले, मुलीच्या लग्नाचे वय किमान 14 ठरले आणि कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला, मधल्या महिन्यांत देशभर बालविवाहांची घाई उडाली होती. मग आजीच्या वडिलांना 1929 च्या फेब्रुवारीतच एवढी कसली घाई होती? चूक माझ्या बेरजेत होती. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे माघ-फाल्गुन पुढच्या इंग्रजी वर्षात पडतात आणि तिथे 79 मिळवावे लागतात. लग्न फेब्रुवारी 1930 चे, म्हणजे कायदा लागू व्हायला जेमतेम सहा आठवडे उरलेले असताना झालेले. दुरुस्ती लगेच कळवली.

‘माहेरचे नाव’ हा रकाना मात्र अजून मोकळा आहे, कारण वहीत वधूचा उल्लेख सगळीकडे नुसता ‘बाबी’ असाच आहे. त्याच ट्रंकेत तिची जन्मपत्रिका मिळते का, ते आता पाहायचे आहे.