डाउन्टनच्या घरात, तीन चित्रपटांनंतर

हायक्लेर कॅसलला जायचं तर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून न्यूबरीची ट्रेन पकडायची आणि पुढे टॅक्सी करायची. अडचण प्रवासाची नाही, तारखांची आहे. हे आजही कार्नार्वनच्या अर्लचं, म्हणजे एका उमरावाचं, राहतं घर आहे, त्यामुळे ते वर्षातले मोजकेच दिवस लोकांसाठी उघडं असतं आणि तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं. एक उमराव कुटुंब आणि त्यांचे नोकर यांची गोष्ट सांगणाऱ्या 'डाउन्टन ॲबी' या ब्रिटिश मालिकेतलं घर ते हेच. कथेत ते यॉर्कशायरमध्ये आहे, प्रत्यक्षात हॅम्पशायरमध्ये. टॅक्सी वळण घेते, लेबनॉन सीडरच्या पसरट फांद्यांमागून मनोरे दिसायला लागतात, आणि लंडनचं पार्लमेंट बांधणाऱ्या चार्ल्स बॅरीनेच या घराला आजचं रूप दिलंय हे बघताक्षणी पटतं.

रांगेत उभं राहिल्यावर मालिकेवर बोलायला कुणाची ओळख लागत नाही. माझ्या पुढच्या बाईंनी सगळी मालिका दोनदा पाहिली होती, पण 2019 चा पहिला चित्रपट पाहून त्या इतक्या खट्टू झाल्या की पुढचे दोन पाहायला गेल्याच नाहीत. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुक्कामाला येतात काय, घरचे नोकर राजवाड्याच्या नोकरांना हातोहात बाजूला सारतात काय, त्यांना हे सगळं पोरकट वाटलं होतं. त्यांच्या यजमानांना नेमकं तेच आवडलेलं. मोल्सली हा नोकर भारावून जाऊन राजासमोर मधेच बोलतो, त्या प्रसंगाची आठवण काढूनच ते हसायला लागले. ‘‘इतकी वर्षं त्या माणसांची दुःखं पाहिली, एक दिवस त्यांची मजा पाहिली तर काय बिघडलं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘मजा मला दुसरीकडेही मिळते हो.’’

मला दोघांचंही म्हणणं खरं वाटलं, पण मन बाईंच्या बाजूने जास्त झुकलं. ते का, हे मला घर बघताना नीट उमगलं.

आत फोटो काढायला मनाई आहे आणि ते फार बरं आहे. लोक थांबून बघतात. जेवणाच्या दालनात व्हॅन डाइकने रंगवलेला घोड्यावरचा राजा पहिला चार्ल्स भिंत व्यापून आहे. मालिकेत कितीतरी जेवणं त्याच्या नजरेखाली झाली. ग्रंथालयातले लाल सोफे ओळखीचे, पण आजूबाजूच्या टेबलांवर आजच्या कुटुंबाचे फोटो मांडलेले. ओक लाकडाचा भला थोरला जिना चढून वर गेलं की सज्जाभोवती निजायच्या खोल्या. इथे प्रत्येक जण दबक्या आवाजात एकच विचारत होता, मेरीची (मालिकेतल्या घरची थोरली मुलगी) कुठली?

मग मी तळघरात उतरले. मालिकेतली स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर, तिचं स्वयंपाकघर शोधत आलेले कितीतरी लोक इथे चकित होतात, कारण ते स्वयंपाकघर या घरात नाहीच. मालिकेसाठी ते ईलिंग स्टुडिओत उभारलं होतं. खाली आहे ते इजिप्तचं प्रदर्शन. हॉवर्ड कार्टरला 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, त्या उत्खननाचा खर्च इथल्याच पाचव्या अर्लने केला होता. प्रदर्शन सुंदर आहे. पण मी नोकरांच्या मजल्यासाठी आले होते आणि मनात चित्रपटच घोळत राहिले. पडद्यावर वरचा मजला झगमगतो, आणि खालच्या मजल्याला धड चार प्रसंग मिळत नाहीत.

मालिका 2010 ते 2015 चालली, सहा सीझन, 52 भाग. मिसेस पॅटमोरच्या भाच्याला युद्धात भ्याडपणाच्या आरोपावरून गोळी घातली, हे दुसऱ्या सीझनमध्ये कळतं. गावच्या युद्धस्मारकावर त्याचं नाव घालायला नकार मिळतो आणि त्याच्यासाठी वेगळी पाटी बसवली जाते, तो प्रसंग थेट पाचव्या सीझनमध्ये येतो. मधल्या काळात ती बाई रोज स्वयंपाक करत असते. हे दोन तासांच्या चित्रपटात कसं बसवणार? वीसेक माणसं, प्रत्येकाला एक चिमूटभर गोष्ट, आणि शेवटी सगळ्यांचं भलं. माझी तक्रार राजा-राणीबद्दल नाही, या घाईबद्दल आहे.

तरी 2022 चा दुसरा चित्रपट मला मनापासून आवडतो. घराचं छप्पर गळतंय म्हणून लेडी मेरी चित्रपट कंपनीला शूटिंगसाठी घर देते. खुद्द हायक्लेरच्या दुरुस्त्यांनाही मालिकेमुळे आलेल्या पर्यटकांच्या पैशाने मोठा हातभार लागला, त्यामुळे ते कथानक उगाच घुसडलेलं वाटत नाही. शिवाय मेरीच्या व्हायोलेट आजीचा मृत्यू. ती भूमिका करणाऱ्या मॅगी स्मिथ 2024 मध्ये गेल्या. आता तो प्रसंग मला डोळ्यांतून पाणी न येता बघवत नाही.

बॅम्प्टन हे मालिकेतलं गाव ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. एकाच दिवसात दोन्ही उरकण्याच्या भरीला पडू नका. सेंट मेरी चर्च, शेजारचं, मेरीच्या सासूबाई इसोबेलचं घर, मालिकेत इस्पितळ झालेलं वाचनालय, सगळं पाच मिनिटांच्या अंतरात. याच चर्चमध्ये मेरीची बहीण एडिथ हिचा नवरदेव ऐन लग्नात तिला सोडून जातो. तिथे बाकावर तीन मैत्रिणी बसल्या होत्या. 2025 च्या तिसऱ्या चित्रपटावरून त्यांची चांगलीच जुंपली होती. मेरीचा घटस्फोट झालाय आणि तिचा दुसरा नवरा हेन्री टॅलबट पडद्यावर फिरकतही नाही, हे एकीला अजिबात पचलेलं नव्हतं. ‘‘सहाव्या सीझनभर त्याच्याशी लग्न कर म्हणून तिच्या मागे लागले ना सगळे!’’ दुसरी म्हणाली, 1930 मध्ये घटस्फोटित बाईला भर समारंभातून बाहेर काढतात, हे दाखवायला तो हवाच कशाला? तिसरीला शेवट पुरेसा होता: मेरी दिवाणखान्यात एकटी उभी राहते आणि तिला पहिला नवरा मॅथ्यू, धाकटी बहीण सिबिल, आजी आठवतात.

त्यांनी मला विचारलं, तुमचं काय मत? मी सांगितलं, हेन्रीचा निरोप नीट व्हायला हवा होता, पण मिसेस पॅटमोरच्या हाताखालच्या डेझीच्या हाती स्वयंपाकघर आलं तिथे मी खूश झाले. पहिलीने लगेच मान हलवली, ‘‘ते मात्र त्यांनी बरोबर केलं.’’ आणि गाडी पुन्हा हेन्रीवर आली.