गोट्याचं कोपर आणि काकूंचे गुडघे

माणसांची गुडघ्याची ऑपरेशनं आता इतकी कॉमन झालीयेत ना की 'सांधा बदलायचा' म्हटलं तर कुणी दचकतही नाही. आमच्या नाशिकला गल्लीत एक तरी काकू गुडघे बदललेल्या निघतात. त्यामुळे गोट्या या माझ्या पेशंट कुत्र्याच्या काकू त्या शनिवारी मला म्हणाल्या, "अहो डॉक्टर, माझे दोन्ही बदललेत, मी सप्तशृंगीला पायऱ्या चढून जाऊन आले, ट्रॉलीने नाही, मग याचं एवढंसं कोपर बदलायला काय होतंय?", तर मला आधी हसू आलं आणि मग कळलं की आजची ओपीडी काही वेळेत आटपत नाही.

गोट्या म्हणजे पिवळा लॅब्रडॉर, साडेसहा वर्षांचा, वजन 42 किलो. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, मुलगा इंग्लंडला, घरात हे दोघं आणि हा. आठ महिन्यांचा असतानाच पुढच्या डाव्या पायाने लंगडायचा म्हणे, तेव्हा कुणीतरी कॅल्शियम कमी आहे सांगून टॉनिक चालू केलं होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं, मोठ्या जातीचं पिल्लू लंगडलं की पाजा कॅल्शियम, आणि खरं तर चांगल्या तयार फूडवर असलेल्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांच्या वाढीचा घोळच होतो. असो, तो राग मी गिळून टाकायला शिकलोय.

गोट्याला होता एल्बो डिस्प्लेसिया. कुत्र्याच्या कोपरात तीन हाडं एकत्र येतात, वरून दंडाचं एक आणि खालून हाताची दोन, आणि ती अगदी घट्ट बसलेली असतात. वाढीच्या वयात खालची दोन हाडं सारख्या मापाने वाढली नाहीत की आतल्या बाजूच्या एका छोट्या टोकावर सगळा भार येतो, ते टोक पिचतं, त्याचा तुकडा पडतो, आणि मग वर्षानुवर्षं कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, घासत राहते. तीन बिजागऱ्यांच्या दारात एक वाकडी बसली की दार कसं फरशीला घासायला लागतं, तसंच. लॅब, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांच्यात हे खूप, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना.

मी त्याला आधी टेबलावर घेतलंच नाही, बाहेरच्या पॅसेजमध्ये काकांना त्याला चालवायला सांगितलं. पुढचा पाय दुखत असला की कुत्र्याची मान बघायची. दुखरा पाय टेकला की मान वर उचलली जाते, चांगला टेकला की खाली जाते. गोट्याची मान अशी वरखाली होत होती की रिसेप्शनवरच्या मुलीलाही दिसलं. कोपर बाहेर काढून पंजा वळवून टाकत होता, खांद्याचे स्नायू बसलेले, हाताला खांद्याच्या हाडाचा उंचवटा लागत होता, आणि तेही 42 किलोच्या कुत्र्याचा! कोपर हळूच वाकवलं तर नॉर्मल लॅबचं 35-40 डिग्रीपर्यंत मिटतं ते याचं 75 च्या आसपास अडकलं आणि बोटांखाली करकर लागली. त्याने मागे वळून माझा हात चाटला. लॅब ना तो, दुखलं तरी सॉरी हाच म्हणणार.

एक्स-रे आधीच झाले होते, सीटी स्कॅनसाठी मुंबईला पाठवलं होतं, आणि त्या दिवशी ती सीडी घेऊनच दोघं आले होते. डाव्या कोपरात कूर्चा नावालाही शिल्लक नाही, चारी बाजूंनी हाड वाढलेलं. उजवं कोपरही बिघडलेलं, पण मध्यम.

आता काकूंच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. कुत्र्यांची हिप रिप्लेसमेंट होते, आपल्या देशातही होते, आणि निवड नीट केली तर रिझल्ट उत्तम येतात. कोपराचं तसं नाहीये. कुत्रा शरीराचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर घेतो. काकूंना ऑपरेशननंतर वॉकर दिला होता, दुखलं तर बसायला खुर्ची होती, फिजिओवाली घरी यायची. गोट्याला कोण सांगणार की बाबा सहा आठवडे उडी मारू नकोस. आणि इम्प्लांट बसवायला ज्या बाजूने आत शिरावं लागतं तिथे सांध्याला धरून ठेवणारे लिगामेंट सोडवावे लागतात, एखादं हाड कापून परत जोडावं लागतं, त्यात सांधा निखळणं, हाड मोडणं, इन्फेक्शन, इम्प्लांट ढिलं होणं, हे सगळं होऊ शकतं. अमेरिकेत आयोवाच्या युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी 2003 मध्ये 20 कुत्र्यांचे रिझल्ट छापले होते, त्यातल्या 16 जणांचं वर्षभराने समाधानकारक होतं. वाचायला 80 टक्के छान वाटतं. पण उरलेल्या चारातला एक तुमचा असला तर? त्यानंतर नवनवीन डिझाइन आली, सांध्याची फक्त आतली बाजू बदलायची पद्धतही आली, पण ती ज्याची बाहेरची बाजू शाबूत आहे त्याच्यासाठी, गोट्याची ती गाडी चुकलेली होती. आणि मी स्पष्ट सांगितलं की कोपराचं रिप्लेसमेंट मी केलेलं नाही आणि माझ्या ओळखीत नेहमी करणारा कुणी नाही.

काका एवढा वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "पण टाटांनी नेला होता ना कुत्रा अमेरिकेला?" पेपरचं कात्रण खिशात होतं त्यांच्या. 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं, त्याच्या आधीच्या मुलाखतीत रतन टाटांनी सांगितलं होतं की ते आपल्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटीत घेऊन गेले होते. मी म्हटलं काका पुढची ओळ वाचा. पुढे असं होतं की उशीर झाला होता, म्हणून तिथे सांधा बदलला नाही, एका पोझिशनमध्ये कायमचा पक्का करून टाकला. याला आर्थ्रोडेसिस म्हणतात. काकांनी चष्मा लावून ती ओळ परत वाचली आणि कात्रण घडी घालून ठेवून दिलं.

तेवढ्यात माझं लक्ष रक्ताच्या रिपोर्टवर गेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा, वर. मागच्या वेळी नॉर्मल होतं. मी विचारलं, शी कशी होतेय? काकू म्हणाल्या काळपट होतेय, पण ते नाचणीचं सत्त्व देतोय ना म्हणून. मी म्हटलं अजून काय देताय? शांतता. मग काका हळू आवाजात म्हणाले, "हिच्या गुडघ्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्यातली अर्धी अर्धी." म्हणजे माणसांची पेनकिलर! कुत्र्याला या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, त्यातल्या रक्ताने शी काळी होते, किडनीवर मार बसतो, आणि डायक्लोफिनॅक या पेनकिलरमुळे, ती दिलेली मेलेली जनावरं खाऊन, गिधाडं मेली म्हणून 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदीच आहे, तरी मेडिकलवाला माणसाची म्हणून देतो आणि घरात ती कुत्र्याच्या तोंडात जाते. काकूंनी काकांकडे असं बघितलं की मला मधे पडावं लागलं. आधी ती बंद, पोटासाठी औषध, सलाईन, किडनी जागेवर आल्याशिवाय कुत्र्यांची पेनकिलरसुद्धा सुरू करायची नाही. ऑपरेशनचा विषय त्या क्षणी तसाही बाजूला पडला, कारण अशा किडनीवर कुठलाही भूलवाला लांब भूल द्यायला तयार होणार नाही.

पण मुलगा बाजूला पडायला तयार नव्हता. त्याचा व्हिडिओ कॉल आला. हुशार मुलगा, सगळं वाचून बसलेला, पैसे मी देतो, तिकडे नेतो, पेपरवर्क करतो, तुम्ही फक्त फिट सर्टिफिकेट द्या. काका म्हणाले अरे तो विमानात कसा बसेल, मुलगा म्हणाला बाबा तुम्ही कायम नाहीच म्हणता, आणि मग ते बापलेकाचं जे काही जुनं असतं ते माझ्या टेबलावर सुरू झालं. मी फोन हातात घेऊन म्हटलं, आधी त्याला चालताना बघा. आवाज ऐकून गोट्या कोपऱ्यातून उठला. उठताना आधी मागचे पाय, मग पुढचा डावा नुसता टेकवून ठेवलेला, सगळं वजन उजव्यावर, आणि क्लिनिकच्या गुळगुळीत टाइल्सवर तो उजवाच घसरला. तरी फोनपर्यंत आला, शेपूट हलवत. मुलगा म्हणाला, "उजवा पण?" मी म्हटलं हो, उजवा पण. डावं ऑपरेशन केलं की महिने दोन महिने सगळा भार या उजव्यावर. आणि डावं फेल गेलं तर पाय काढायचा म्हटलं तरी राहणार हा उजवाच.

यावर तो गप्प झाला, आणि मग पहिल्यांदा त्याने कामाचा प्रश्न विचारला, की मग परत फिरता येईल असं काय काय आहे? मला हाच प्रश्न हवा होता. कापलेला सांधा परत मिळत नाही, पण बाकी सगळं करून बघता येतं आणि नाही जमलं तर सोडता येतं.

सगळ्यात आधी वजन. 48 लॅब्रडॉरवर केलेला एक जुना अभ्यास आहे, पिल्लूपणापासून मरेपर्यंतचा, त्यात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले आणि दुसरे 11.2, शिवाय सांध्यांचा त्रासही उशिरा आणि कमी. आता लॅबचं पोट भरत नाही यात त्याचा दोष नाही, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेच्या जीनमध्येच बिघाड असतो हे केंब्रिजवाल्यांनी 2016 मध्ये दाखवलं. पण दोष घरच्यांचा तर असतो ना! सकाळी चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं, दुपारी तूप लावलेली पोळी, रात्री दूधभात. टार्गेट 32 किलो ठेवलं. सगळं मोजून, बिस्किटाऐवजी काकडी. घरात टाइल्सवर योगा मॅट आणि जुनी सतरंजी, दिवाणावर उडी बंद, गाडीला रॅम्प, फिरणं दिवसातून तीनदा थोडं थोडं, रविवारचा गंगापूर धरणाचा पराक्रम बंद. किडनी सुधारली की पेनकिलर, जोडीला नसांचं दुखणं कमी करणारं गॅबापेंटिन, आणि काकूंची फिजिओवाली जसे पाय हलवायला लावायची तसे याचे रोज हलवायचे.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मला जे सांगितलं होतं तेच सगळं." मी म्हटलं हो, फक्त हा ऐकेल.

क्रिएटिनिन खाली आलं. पहिल्या महिन्यात वजन दीड किलो उतरलं आणि मग काटा हलेना. काकूंनी शपथेवर सांगितलं की मोजूनच देतेय. काका खिडकीबाहेर बघत होते. मी काही विचारलं नाही, काकूंनीच त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घालून बिस्किटाचा चुरा काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर मात्र उतरलं, 36 वर आलाय. लंगडतो अजून, थंडीत सकाळी जास्तच. एक्स-रे काढला तर कोपर तितकंच भयानक दिसणार, पण स्वतःहून जिना उतरतो, आणि आता मान तेवढी उडत नाही.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा सीडी कॉपी करून घेऊन गेला, तिकडच्या सर्जनला दाखवतो म्हणाला. मी अडवलं नाही, हक्क आहे त्याचा. फक्त तीन प्रश्न लिहून दिले: तुम्ही स्वतःच्या हाताने किती कोपरं बदललीत, त्यातली किती निखळली किंवा इन्फेक्ट झाली, आणि हे फेल गेलं तर पुढे काय उरतं. काही आठवड्यांनी मेसेज आला. सर्जनने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे आकड्यांत दिली होती आणि तिसऱ्याला एकाच ओळीत: सांधा पक्का करणं, नाहीतर पाय काढणं. मुलाने ते खाली काही न लिहिता मला फॉरवर्ड केलं. लगेच दुसरा मेसेज, "डॉक्टर, बाबा म्हणतात गाडीचा रॅम्प फार उभा पडतोय, किती लांबीचा मागवू?"