घेतलं नाही तरी गिऱ्हाईकच

शनिवार, रात्र

आज दुपारी काउंटरवर जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून झोपण्याआधी लिहून काढते.

दोनच्या सुमारास वाशीच्या सेक्टर १७ मध्ये तसा शुकशुकाट असतो, त्यात मे महिन्याचं ऊन. एक कोळीण मावशी आमच्या सोन्याच्या दुकानात आल्या. बहुधा बाजारातून थेट आल्या असाव्यात. लुगड्याचा काठ ओला, हातात कापडी पिशवी. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच आमचा नवा मुलगा म्हणाला, "मावशी, चांदी वरच्या मजल्यावर." आवाज चढवला नाही, हसूनच म्हणाला. मला ते जास्त लागलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने फक्त एका नजरेत हिशोब करून टाकला होता.

मावशी जिन्याकडे वळल्या नाहीत. काचेवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "ती ठुशी दाखव गो बाय."

मी खुर्ची दिली, पाणी मागवलं, ठुशी ट्रेमध्ये काढली. त्यांनी आधी वजन विचारलं, मग मजुरी, मग शिक्का. त्यांनी मागितलं म्हणून मी भिंग दिलं. २२के९१६ हा बावीस कॅरेटचा शिक्का आणि त्याच्या शेजारचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्यांनी डोळा बारीक करून पाहिला. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही, पण स्वतःहून भिंग मागणारी गिऱ्हाइकं मला क्वचितच भेटतात. मग त्यांनी विचारलं, "आणि मोडाया आणली तं किती कापशील?" मी खरं तेच सांगितलं: मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही, मोडीला त्या दिवसाचा सोन्याचा भाव धरतात. सगळे आकडे त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले, कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि निघाल्या. घेतलं काहीच नाही.

त्या दाराबाहेर पडल्या न पडल्या तोच मुलगा म्हणाला, "बघितलंत ना ताई? गेला की नाही वेळ फुकट?"

मला त्याला बरंच काही सांगता आलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होडीची डागडुजी, जाळी, पोरांच्या शाळा, घरखर्च, सगळं आधीच्या कमाईवर निघतं आणि अडलं की अंगावरचं सोनं गहाण पडतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, मासळी मिळाली की ते सोडवून आणायचं. दिवाळे, सारसोळे, करावे, इथल्या जुन्या गावांतल्या बायकांना सोन्याचं मोल आमच्या एसीतल्या पोरांपेक्षा जास्त कळतं. मोडीचा प्रश्न त्या उगाच विचारत नव्हत्या.

पण हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो एवढंच शिकला असता की कोळणींकडे सोनं असतं, त्यांना बसवावं. म्हणजे पुन्हा लुगडं बघूनच ठरवणं. आणि उद्या मार्केट यार्डातला माथाडी घामेजल्या कपड्यांनी आला, की त्याला पुन्हा वरचा मजला.

२०२२ च्या जानेवारीत कर्नाटकात तुमकुरूला असंच झालं होतं. गाडी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला शोरूममधला माणूस म्हणाला, तुझ्या खिशात दहा रुपये तरी असतील का. तो गेला आणि तासाभरात दहा लाख घेऊन परत आला. तेव्हा सगळ्यांनी ती गोष्ट चवीने सांगितली. मलाही बरं वाटलं होतं, पण तेव्हापासून एक खटकतं. त्याच्याकडे दहा लाख नसते तर? तर त्याचा अपमान बरोबर ठरला असता का? कपडे साधे पण माणूस पैसेवाला निघाला, अशाच गोष्टी आपण एकमेकांना सांगतो. पैसे खरंच नसलेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यालाही भाव विचारायचा हक्क आहे. मुलीच्या लग्नाला चार वर्षं असताना बाप आज भाव विचारून जातो, घरी जाऊन दर महिन्याला किती टाकावे लागतील ते ठरवतो. त्याला दारातूनच वरचा मजला दाखवला तर तो हिशोब मांडणार कुठे?

आणि कपडे चांगले असले तरी घात होतोच. मागे महापेच्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी आली होती, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग. तिच्यासमोर लगेच नेकलेसचे ट्रे निघाले. तिला पहिल्या पगारातून आईसाठी चमकी घ्यायची होती. दोन मोठे सेट पाहून झाल्यावर तिला बजेट सांगायची लाज वाटली आणि "नंतर येते" म्हणून ती गेली. कुठलीतरी संधी साधून मीच विचारायला हवं होतं असं शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, पण त्या ट्रेसमोर मी नव्हते. जो होता त्याने बॅग बघितली, माणूस बघितला नाही.

पोरांना नुसता दोष देणंही खरं नाही. महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं, इन्सेन्टिव्ह बिलावर मिळतो, बसवलेल्या माणसाचा मिळत नाही. शिवाय बाहेर काढलेला प्रत्येक दागिना मोजून परत ठेवायचा, रात्री वजन जुळलं पाहिजे, त्यामुळे मळक्या कपड्यांकडे संशयानेच पाहिलं जातं. मला तर वाटतं, हात मारायला येणारा माणूस तुमच्यावर छाप पडेल असाच नटून येईल.

संध्याकाळी शेठशी बोलले. म्हटलं, नव्या पोरांना एवढंच शिकवू: कोणीही आलं तरी पहिलं वाक्य तेच, "या, बसा, काय दाखवू?" काय हवं ते गिऱ्हाईक सांगेल, मग किती ग्रॅमपर्यंत बघायचं तेही त्यालाच विचारायचं. शेठ म्हणाले, एरवी ठीक आहे, पण अक्षय्य तृतीयेला, धनत्रयोदशीला काय करशील? त्या दिवशी नंबराची चिठ्ठी द्यायची, म्हटलं. ज्याचा नंबर आधी, तो आधी बसेल. शेठनी मान हलवली, पण चिठ्ठ्या कोण वाटणार ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक मीच वाटेन.