तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा गार कशाला करायचा?

"कॅमेरा थंड करून खरंच काही फरक पडतो का रे?" रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्या मला हा प्रश्न दुर्बिणीशेजारी विचारला गेलाय, फोनवर विचारला गेलाय आणि एकदा तर अंधारात पडलेला स्क्रू मी गुडघ्यांवर बसून चाचपडत असताना विचारला गेलाय. विचारणाऱ्यांना एक्स्पोजर, आयएसओ, स्टॅकिंग सगळं ठाऊक असतं, त्यामुळे ते इथे पुन्हा उगाळत नाही. उत्तर 'हो' आहे. पण हे 'हो' मी इतकी वर्षं इतक्या तोऱ्यात सांगत आलोय की आता ते तोंडातून निघताना जरा अडखळतं.

आधी ज्या भागाबद्दल मला तिळमात्र शंका नाही तो सांगतो. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, प्रकाशाचा एक कणही पडला नाही तरी नुसत्या उष्णतेने त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात, आणि पिक्सेलला ताऱ्याचा इलेक्ट्रॉन कुठला नि उष्णतेचा कुठला हे कळत नाही. उष्णतेच्या या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाला डार्क करंट म्हणतात, आणि तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. सहा अंश धरले, तर ३० अंशांवरून शून्यावर येताना तो पाच वेळा निम्मा होतो, म्हणजे ३२ पट कमी. नॉईज, म्हणजे फोटो रवाळ करणारी खालीवर, त्याच्या वर्गमुळाप्रमाणे जातो, म्हणून तो साडेपाच पटींच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यातल्या रात्री लेन्सला झाकण लावून पाच मिनिटांची फ्रेम घ्या (हीच डार्क फ्रेम) आणि ताणून, म्हणजे उजळवून, बघा. काळ्या कागदावर कुणीतरी लाल, निळी, हिरवी पूड फुंकल्यासारखी दिसते.

"मग फोटोतून ही डार्क फ्रेम वजा करायची की!" हे पुढचं वाक्य ठरलेलं. अहो, वजाबाकीने जातं ते दर वेळी सारखं येणारं. एखाद्या पिक्सेलमध्ये उष्णतेचे सरासरी ४०० इलेक्ट्रॉन जमत असतील, तर ते कधी ३८५ येतात, कधी ४१७. तुम्ही ४०० वजा केले तरी वीसेकाची ही खालीवर तशीच राहते. सगळा फोटो रवाळ होतो तो तिच्यामुळे. हल्लीची एका बटणात नॉईज घालवणारी सॉफ्टवेअरं मीही वापरतो, पण ती अंदाज बांधतात, आणि अगदी फिक्या ताऱ्यांच्या बाबतीत त्यांचा अंदाज नि माझा अंदाज जुळत नाही.

आता ताईच्या कॅमेऱ्याबद्दल.

ताईने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डीएसएलआर मला दिला. "नीट वापर," एवढंच म्हणाली. सहा महिन्यांत मी तो उघडला. निघालेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, कप्प्याकप्प्यावर नंबर टाकून ठेवले होते. सेन्सर आणि त्यामागचा सर्किट बोर्ड यांच्यामधल्या फटीत तांब्याची पातळ पट्टी सरकवली, बॉडीला भोक पाडून तिचं दुसरं टोक बाहेर काढलं आणि त्याला पेल्टियर चिकटवला. चाळीस मिलिमीटरची ती चौकोनी चकती असते ना, वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी, तीच. गरम बाजूला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा हीटसिंक नि पंखा. रिबन केबली परत लावताना दोनदा घाम फुटला, पण कॅमेरा चालू झाला.

पहिल्या रात्री बाहेर २४ अंश आणि पट्टीवर उणे ३. डार्क फ्रेम पाटीसारखी काळी. मी नाचलो होतो, खोटं कशाला बोलू! ताईला तीच काळी फ्रेम पाठवली. "यात काय बघायचं?" तिचं उत्तर आलं.

चौथ्या रात्री हवा दमट होती. हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १७ अंशांच्या जरा खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. हे मला माहीत होतं. माझा सेन्सर त्याहून वीस अंश खाली होता, हेही माहीत होतं. सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाकल्या होत्या, पुढची बाजू टेपने बंद केली होती. पट्टीसाठी पाडलेलं भोक मात्र 'उद्या बघू' म्हणून तसंच उघडं होतं. वर मी त्या रात्री पेल्टियरला आणखी वीज दिली, आणखी गार हवा होता म्हणून. खरं तर ठरावीक मर्यादेपलीकडे पेल्टियरला जास्त वीज दिली की त्याची स्वतःचीच उष्णता वाढते आणि गार बाजू उलट तापायला लागते. हेही मी वाचलेलं होतं. मला काय काय माहीत होतं याचीच यादी झाली ही!

दीडच्या सुमारास फ्रेमच्या मधोमधचे तारे फुगायला लागले. फोकस हलला असेल म्हणून मी परत केला. वीस मिनिटांनी पुन्हा केला. कडेचे तारे सुईच्या टोकासारखे आणि मध्ये नुसता कापूस. शेवटी लेन्स काढून टॉर्च मारला. सेन्सरच्या काचेवर पांढरी चकती होती, कडांना पिसांसारखे बारीक स्फटिक फुटलेले. सुंदर दिसत होती. मी चक्क दोन-तीन क्षण बघत राहिलो.

मग घाबरून पेल्टियरची वायर उपटली. कॅमेऱ्याची बॅटरी काढली नाही. स्क्रीनवर फोकस बघत होतो, तो 'जरा चालू राहू दे, बर्फ वितळताना दिसेल' असा विचार केला. वीज बंद होताच हीटसिंकमधली सगळी ऊब त्याच चकतीतून उलटी तांब्यात शिरली. बर्फ माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर वितळला आणि पाणी पट्टीवरून ओघळून थेट बोर्डावर गेलं. स्क्रीन लुकलुकला, आडव्या रेघा आल्या, संपलं. कोरडा करून पाहिला, दोन आठवडे थांबून पाहिला. नाहीच.

ताईला सांगितलं, "शटर गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, खर्च करण्यात अर्थ नाही." मी कुठल्याच दुरुस्तीवाल्याकडे गेलो नव्हतो. ती म्हणाली, "जुनाच होता रे, जाऊ दे." तेव्हापासून चार माणसं जमली की ती निरागसपणे विचारते, "पण थंड कशाला करावा लागतो? माझा तर तसाच चालायचा." तुमच्यापैकी कुणी हाच प्रश्न विचारला आणि मी उगाच खेकसलो असेन, तर त्याचं कारण हे आहे.

त्यानंतर घेतलेला कॅमेरा बनतानाच थंड करण्यासाठी बनलेला. सेन्सरची खोली हवाबंद, आत ओलावा शोषणारी गोळी, पुढच्या काचेला बारीकसा हीटर, आणि तापमान हळूहळू उतरवणारं सॉफ्टवेअर. म्हणजे मी ज्या ज्या ठिकाणी घाई केली, तिथे तिथे कुणीतरी शांतपणे विचार केलेला.

तेव्हाचा मी लोकांना सुनवायचो, "मोठ्या वेधशाळा काय वेड्या आहेत? द्रव नायट्रोजनने डिटेक्टर गार ठेवतात. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीवरचं मिरी हे उपकरण ७ केल्व्हिनच्याही, म्हणजे उणे २६६ अंशांच्याही, खाली ठेवलंय!" अरे बाबा, मिरी बघतं ५ ते २८ मायक्रॉनचं अवरक्त. त्या तरंगलांबीला गरम उपकरण स्वतःच चकाकतं. तुझ्या देवयानी दीर्घिकेच्या फोटोशी त्याचा काय संबंध?

आणि आकाश? ते तर मी धरतच नव्हतो. समजा उजळ आकाशातून एका पिक्सेलला सेकंदाला २ इलेक्ट्रॉन मिळतायत आणि उष्णतेतून ०.१. पाच मिनिटांत ६०० आणि ३०. नॉईज २५.१. आता सेन्सर इतका गारठवा की ते ३० पार नाहीसे होतील. नॉईज किती? २४.५. एवढ्यासाठी मी ताईचा कॅमेरा बुडवला. याउलट खरंच काळोखं आकाश आणि हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत सोडणारा, अरुंद फिल्टर असेल, आकाशाचे ६०० च्या जागी ६ च येत असतील, तर (सेन्सर वाचताना येणारा रीड नॉईज बाजूला ठेवला तर) तेच ३० घालवल्याने नॉईज ६ वरून अडीचच्या खाली येतो. मग 'फरक पडतो का' याचं एक उत्तर मी कुठून आणू?

आज मला विचाराल, तर मी गारव्यापेक्षा स्थिर तापमानासाठी कूलिंग चालू करतो. साधा कॅमेरा पहिल्या फ्रेमला २२ वर असतो, तासाभराने ३० वर, आणि मग कुठली डार्क कशातून वजा करायची? माझा रात्रभर उणे १० वर बसून राहतो. हे मात्र मला कुणी खोडून दाखवावं.

स्थिरपणा नाही, पण उणे १० चा आकडा खोडला ताईनेच. मध्यंतरी एकाच तेजोमेघाच्या दोन प्रती केल्या, एक शून्य अंशावरची, एक उणे १० ची, दोन्हींना तेवढाच वेळ दिलेला. नावं झाकून तिला दाखवल्या. तिने शून्याची निवडली. मीही आधी मनातल्या मनात तीच निवडली होती. आताच्या सेन्सरचा डार्क करंट शून्यालाच इतका कमी असतो की त्याखालचे दहा अंश बहुधा माझ्या समाधानाचेच. तरी कॅमेरा मी उणे १० वरच लावतो, कारण माझी डार्क फ्रेमची सगळी लायब्ररी उणे १० ची आहे. शून्याची करायची, तर कॅमेरा झाकण लावून कपाटात ठेवायचा आणि चाळीस फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकी पाच मिनिटं. तीन तास वीस मिनिटं. ते अजून झालेलं नाही.