बेशरमाच्या काडीवरचा स्पंज

मार्च संपत आला होता. साकोलीहून नवेगावबांधकडे जाताना एका मालगुजारी तलावाशी गाडी थांबवली. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, हे तलाव बांधले कोहळी समाजाने, आणि त्यातली मासेमारी ढिवरांची. पाळीवर मोहफुलांचा सडा पडलेला. मी मात्र थेट खाली, बेशरमाच्या झुडपांत उतरलो.

पाणी हातभर ओसरलं होतं. उघड्या पडलेल्या काड्यांना करडे, ठिसूळ गोळे चिकटलेले. वाळका चिखलच वाटावा. पण तो गोड्या पाण्यातला स्पंज होता, म्हणजे प्राणी.

मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांच्या कपारीत मी नारिंगी स्पंज पाहिलेत. जगात स्पंजांच्या ९,०००हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या समुद्रातल्या. त्याच कुळातला हा जीव इतक्या दूर, धानाच्या बांध्यांशेजारी!

"हात नका लावू जी, लय खाज सुटते," डोंगा काठाला लावत एक ढिवर काका म्हणाले. "जाळं काढताना आमाले रोजचंच हाय."

तोवर मी चिमूटभर चुरडलंच होतं. काकांचं खरं ठरलं. स्पंजाचा सांगाडा असतो सिलिकाच्या बारीक सुयांचा, म्हणजे काचेच्याच जातीचा. त्या कातडीत रुततात. अंघोळीचा मऊ स्पंज भूमध्य समुद्रातला. त्यात या सुया नसतात, म्हणून तो अंगाला लावता येतो.

काकांनी पाण्यातला एक दगड उचलून दाखवला. त्यावर जिवंत स्पंज होता. उजेडाकडची बाजू हिरवी, कारण पेशींत शेवाळ राहतं, सावलीतली पांढुरकी. या जिवाला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर छिद्रं, आणि आत चाबकासारखी शेपटी हलवणाऱ्या पेशी. त्या पाणी आत ओढतात, त्यातले जीवाणू टिपतात आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर जातं. अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली समुद्री स्पंज कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पेशी पुन्हा एकत्र येऊन स्पंज तयार झाला. हे आठवलं आणि दगड दोन्ही हातांनी, जपून पाण्यात ठेवला.

आपल्याकडे या जिवाकडे लक्ष गेलं ते मुंबईतल्या तळ्यांमुळे. तिथे डॉक्टर असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ साली तिथल्या स्पंजांचं वर्णन छापलं. भारतात सर्रास आढळणाऱ्या 'युनापियस कार्टरी' या स्पंजाला कार्टर यांचंच नाव आहे.

सगळ्यात विलक्षण गोष्ट त्या वाळलेल्या काडीवर होती. भिंगातून पाहिलं तर गोळ्याच्या तळाशी खसखशीसारखे पिवळसर दाणे. हे जेम्यूल. तलाव आटायला लागला की स्पंज स्वतः मरतो, पण टणक कवचात थोड्या पेशी बांधून ठेवतो. वैशाखाच्या उन्हात त्या तशाच पडून राहतात आणि पाणी चढलं की कवचाच्या भोकातून बाहेर येऊन नवा स्पंज घडवतात. समुद्र आटत नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेकांना ही तजवीज लागतच नाही. आमच्या तलावांना दर उन्हाळ्यात लागते.

"घेऊन जा ना जी काडी," काका म्हणाले.

नाही घेतली. पाणी मृगानंतर कुठवर चढतं ते त्यांना विचारलं आणि त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या खाली, चिखलात रोवून ठेवली.